गोदूचा बाप्तिस्मा

पाळकसाहेबांचा पाय मोडला तो सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी दहाच्या आत प्रेमलाबाईंनी चर्चच्या मंडळीचं सगळं काम वाटून टाकलं होतं. रविवारचा उपदेश श्यामराव करतील, शुक्रवारी गाण्याचा सराव साक्षी घेईल, दवाखान्यातल्या भेटी त्या स्वतः करतील. एकच काम उरलं. ईस्टरच्या रविवारी पाच जणांचा बाप्तिस्मा होता, आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलेला माणूस पाण्याच्या हौदात उतरू शकत नाही.

यशदीप साळवे हे पाळक तसे तरुण, अमरावतीकडचे. राजधानी झाल्यापासून रायपुरात जिकडे तिकडे रस्ते रुंद होऊन राहिले होते. अशाच एका वळणावर रेतीवरून त्यांची स्कूटर घसरली होती.

स्टेशनमागच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, ही बाप्टिस्ट मंडळी जुनी. नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या सात-आठ मराठी कुटुंबांनी ती सुरू केली, तेव्हा उपासना एका फिटरच्या ओसरीत होत असे. विटांचं चर्च मागाहून आलं. आता सकाळी आठला मराठी उपासना होते, साडेदहाला हिंदी. हिंदीला नव्या राजधानीतल्या बदल्यांवर आलेली माणसं इतकी, की खुर्च्या व्हरांड्यात मांडाव्या लागतात. मराठीला चाळीस-पन्नास डोकी, त्यातली निम्मी पांढरी. तरणी पोरं मराठी गाणी खड्या आवाजात म्हणतात आणि बाहेर आली की एकमेकांशी हिंदीत बोलतात. बुधवारी बायांची प्रार्थना असते, कधी ब्राह्मणपाऱ्यात कुणाच्या जिना चढून जायच्या खोलीत, कधी समता कॉलनीतल्या कुणा नर्सबाईकडे. शनिवार मात्र गोदूचा. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी आठवडाभर बाकांवर बसते. ती पुसून गोदू सगळं लख्ख करते, आणि रविवारी घंटाही तीच वाजवते. तिच्या आधी तिची माय वाजवायची.

ही गोदू त्या पाचांतली एक होती. बाकी चार जण कॉलेजातली मुलं. गोदूचं वय बासष्ट.

बाप्टिस्टांत तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं वयात यावं, आपल्या मनानं उभं राहून चारचौघांत विश्वास बोलून दाखवावा, आणि मग पाण्यात पूर्ण बुडून वर यावं. नुसतं शिंपडून चालत नाही. गोदू मंडळीतच जन्मली. गाण्यांच्या पुस्तकातली सारी गाणी तिला तोंडपाठ. पण नऊ वर्षांची असताना पाऱ्याच्या तलावात तिचा धाकटा भाऊ तिच्या डोळ्यांसमोर बुडाला. तो तलाव केव्हाच बुजला, त्यावर दुकानं उभी राहिली, पण गोदू घोट्याच्या वर पाण्यात गेली नाही ती नाहीच. पाच पाळकांनी विचारून पाहिलं. "पाह्यतो ना, साहेब," एवढंच ती म्हणायची. आणि यंदा जानेवारीत उपासना संपल्यावर आपण होऊन उठली आणि नाव दिलं.

"काहून गं, आताच?" प्रेमलाबाईंनी तिला विचारलं होतं.

"भेव जाईन म्हणून वाट पाहिली, बाई. ते काही जात नाही. आता भेवासकट उतरीन."

प्रेमलाबाई रेल्वेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बावीस वर्षांपासून मंडळीच्या सेक्रेटरी होत्या. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्या म्हणत, "मले वेळच कुठं होता?" अडलेलं काम पुढं ढकलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दुर्गला फोन केला, बिलासपूरला केला. सगळीकडे ईस्टर, सगळीकडे आपापले बाप्तिस्मे. कुणी मोकळं नव्हतं.

श्यामराव खंडारे म्हणाले, "त्यात काय? प्लॅस्टर निघालं का पावसाळ्यात करू." श्यामराव सत्तरीचे, इंजिन चालवत निवृत्त झालेले, मंडळीचा कारभार पाहणारे वडील डीकन. त्यांचा शब्द सहसा शेवटचा असे.

प्रेमलाबाईंनी हे गोदूला सांगितलं तेव्हा ती ईस्टरसाठी चर्चच्या खिडक्या पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं.

"पावसाळ्यात मी नाही म्हणीन. मी मले ओळखतो, बाई." मग म्हणाली, "तुमीच काहून नाही उतरत? तुमी धरसान तर मी जाईन खाली."

प्रेमलाबाई हसल्या. पण घरी जाताना ते वाक्य त्यांच्या मागे मागे आलं, आणि संध्याकाळी त्या पाळकांच्या खाटेजवळ जाऊन बसल्या.

यशदीप ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "ताई, आपल्यात बिशप नाही. मंडळीची सभा हीच धनी. सभा ज्याला सांगेल त्यानं हे काम करावं. माझी काही हरकत नाही. पण सभेला पटलं पाहिजे."

"आजपर्यंत कुण्या बाईनं केलं आहे का आपल्या इथं?"

"ते तुम्हीच सांगणार. जुन्या वह्या तुमच्याकडे आहेत."

मंडळीच्या सभांच्या वह्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात होत्या. प्रेमलाबाईंनी बुधवारी आणि गुरुवारी त्या काढून वाचल्या. १९३४ सालच्या वहीत त्यांना हवं ते सापडलं, आणि नको तेही त्याच पानावर सापडलं. झरझर टाकानं लिहिलेलं होतं, की साहेब आजारी असता शेवंताबाई, बायबलबाई, हिने तलावावर तीन बायांस बाप्तिस्मा दिला. सदर बाप्तिस्मे खरे धरावे. शेवंताबाईस ताकीद द्यावी. यापुढे हे काम पाळकाखेरीज कोणी, विशेषेकरून कोणा स्त्रीने, करू नये.

बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवणारी बाई. खाली तिघींची नावं होती. तिसरं नाव यशोदा मारोती खंडारे.

प्रेमलाबाईंनी चष्मा काढून पुसला. यशोदा म्हणजे श्यामरावांची आई. आणि बाईनं हे काम करण्याला पहिला विरोध श्यामरावांचाच होणार होता.

वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली. सभेत हे नाव एकदम वाचलं तर श्यामराव भर सभेत उघडे पडतील, आणि त्यांची जीभ टाळूला चिकटेल. असं जिंकायला त्यांना आवडलं नसतं. ताकीद गाळून नुसता बाप्तिस्मा वाचणंही त्यांना जमलं नसतं. शाळेत पोरांना चौतीस वर्षं त्यांनी एकच सांगितलं होतं, धडा अर्धा वाचायचा नाही.

शनिवारी सकाळी वही पिशवीत घालून त्या श्यामरावांच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, उद्याच्या सभेत मी एक पान वाचणार आहे. त्यात तुमच्या आईचं नाव आहे. आधी तुमी पाहा."

श्यामरावांनी वही उजेडात धरली. ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं. आतून त्यांची नात साक्षी पाणी घेऊन आली ती पाहतच उभी राहिली.

"माय कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"शेवंताबाईला ताकीद मिळाली होती. कोण बोलणार?"

"बाबाच्या आजारपणात ह्याच शेवंताबाई यायच्या आमच्याकडे. भाकरी घेऊन यायच्या." त्यांनी वही मिटली. "तू हे वाचशीन तर लोक तुझ्या बाजूनं होतील, प्रेमला."

"ताकीद बी वाचीन. तुमच्या बाजूनं बी होतील."

श्यामरावांनी वहीवरची धूळ हातानं पुसली. मग वही परत देत म्हणाले, "वाच. सगळं वाच. नाव गाळू नको."

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. उपासना संपली, लेकरं झावळ्या घेऊन अंगणात पळाली, आणि दोन्ही उपासनांची मोठी माणसं सभेला बसली. पाळकांना खुर्चीतच उचलून आणलं होतं. प्रेमलाबाईंनी उभं राहून पान वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत, न थांबता. तिसऱ्या नावाला मागच्या बाकांवर कुजबूज झाली.

"आता माझं म्हणणं," त्या म्हणाल्या. "सभेनं ते बाप्तिस्मे खरे धरले. खरे होते तर ताकीद कशाची होती, हे मले कळलं नाही. पण ती सभेनं दिली होती, म्हणून ती आहे. सभेनं बांधलेली गाठ सभाच सोडू शकते. सोडायची का, ते तुमी ठरवा. नाही म्हणाल तर मी रागावणार नाही. सोमवारी ऑफिस उघडंच राहीन."

हिंदी उपासनेतल्या एका साहेबांनी विचारलं, "बहनजी, दूसरे चर्च वाले क्या कहेंगे?"

"जो कहना है, हमको चिट्ठी में लिखेंगे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "और चिट्ठी मैं ही खोलती हूँ." लोक हसले.

मग गोदू उठली. सभेत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. बाप्तिस्मा नाही म्हणून तिला मतही नव्हतं. "मले हक नाही हे माहीत आहे. एवढंच सांगतो, मी पाण्याले भेतो आणि बाईले भेत नाही," म्हणाली आणि खाली बसली.

हात वर झाले. बाजूनं सत्तावन्न, विरोधात अकरा. त्या अकरांत श्यामरावांचा हात होता, सरळ, कोपरात न वाकता.

"माझं मत विरोधातच लिही," ते प्रेमलाबाईंना म्हणाले. "पाळकाचं काम पाळकानं करावं, हे मी आतापर्यंत मानत आलो, आता एका आठवड्यात कसं बदलू? पण मायचा बाप्तिस्मा खरा होता. ते बी लिही."

प्रेमलाबाईंनी दोन्ही लिहिलं.

पुढचा आठवडा शिकण्यात गेला. पाळक खाटेवर बसून सांगत आणि प्रेमलाबाई साक्षीला धरून कोरड्या जमिनीवर सराव करत. डावा हात मानेखाली, उजवा छातीशी जोडलेल्या हातांवर, समोरच्यानं गुडघे वाकवायचे. पहिल्याच दिवशी दोघी चटईवर कोसळल्या.

"आंटी, मेरी कमर!" साक्षी हसत ओरडली.

"ताई, तुम्ही उचलायला पाहता," पाळक म्हणाले. "उचलू नका. पाणी वजन घेतं. तुम्ही फक्त धरून ठेवा."

गोदू अंगानं चांगली भरलेली होती आणि प्रेमलाबाई तिच्या खांद्याला लागत. म्हणून हे वाक्य त्यांनी नीट ऐकून घेतलं.

ईस्टरच्या सकाळी त्या सहालाच चर्चमध्ये आल्या. वेदीमागच्या फळ्या बाजूला झाल्या होत्या आणि हौद काठोकाठ भरला होता. पायऱ्यांवर श्यामराव पँट दुमडून उभे होते, हातात एक जुनं मलमलीचं धोतर. पाण्यावर आलेली काळी साय ते त्यानं टिपून घेत होते.

"तुमी कधी आले?"

"पाचले. सिलतऱ्याची घाण होती वर. या घाणीत कोणाले बुडवशीन?" त्यांनी मान वर केली नाही. "मी विरोधात होतो. पण सभेनं ठरवलं ना."

ईस्टरला दोन्ही उपासना एकत्रच होत. आठ वाजता घंटा वाजली. आज ती गोदूनं नव्हे, पाळकांच्या बायकोनं वाजवली, कारण गोदू पांढऱ्या झग्यात हौदाच्या पडद्याआड उभी होती आणि तिचे दात वाजत होते. एप्रिलचं ऊन असूनही वाजत होते.

प्रेमलाबाई आधी उतरल्या. पाणी कमरेच्या वर आलं. झगा फुगून वर आला, तो त्यांनी हातानं दाबला आणि वळून हात पुढे केला. गोदूनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर थांबली. समोर बसलेली शंभरेक माणसं गाणं म्हणत होती. एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, गोदू दुसऱ्या पायरीवरच. तिसरं कडवंही संपलं. गाणं थांबलं आणि चर्चमध्ये फक्त पंख्यांचा आवाज राहिला.

प्रेमलाबाईंनी घाई केली नाही. त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. मनात मात्र त्या जुळवून पाहत होत्या: ही परत फिरली तर तिला कुणी हसू नये, यासाठी काय बोलायचं.

"गोदू," त्या हळूच म्हणाल्या, "भेव आलं का?"

"आलं, बाई."

"त्यालेही घेऊन ये. जागा आहे."

गोदूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पायऱ्यांशी उभ्या श्यामरावांनी, कुणी सांगितलं नसताना, आपला हात तिच्या कोपराखाली दिला. गोदू तिसरी पायरी उतरली, चौथी उतरली, आणि धपकन प्रेमलाबाईंच्या अंगावरच आली. लाट उसळून पुढच्या बाकापर्यंत पाणी गेलं.

"येशू ख्रिस्तावर तुझा विश्वास आहे?"

"आहे!" गोदू इतक्या जोरात बोलली की बाहेरच्या पेरूच्या झाडावरच्या चिमण्या उडाल्या.

डावा हात मानेखाली. गोदूनं गुडघे वाकवले. ती मागं झुकली तेव्हा तिचं सगळं वजन क्षणभर प्रेमलाबाईंच्या दंडावर आलं, आणि मग खरंच पाण्यानं ते घेतलं. गोदूचा चेहरा पाण्याखाली गेला. डोळे उघडे होते. प्रेमलाबाईंना ते दिसले, मोठे, थेट त्यांच्याकडे लागलेले, आणि त्यांनी तिला वर आणलं.

गोदू खोकली. नाकातोंडातून पाणी वाहत होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि म्हणाली, "झालं?"

"झालं."

"एवढंच होतं?" आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, पुन्हा हसली. मराठी-हिंदी दोन्ही बाजूंचे लोक गाण्याची वाट न पाहता टाळ्या वाजवू लागले. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती.

मग चारही मुलं एकामागोमाग उतरली आणि वर आली. शेवटच्याच्या वेळी प्रेमलाबाईंचे दंड भरून आले होते, पण हात सुटला नाही.

उपासनेनंतर अंगणात चहा-समोसे झाले. गोदू ओले केस मोकळे सोडून उन्हात बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, "थंडं होतं पाणी. पण गोड होतं, पिऊन बी गेलो मी थोडं." प्रेमलाबाई कोरडं लुगडं नेसून आल्या तशी तिनं बाकावर सरकून त्यांना जागा दिली. दोघी चहा प्यायल्या. प्रेमलाबाईंना शाळेतल्या कुठल्याही निकालाच्या दिवसापेक्षा आज जास्त भूक लागली होती. त्यांनी तीन समोसे खाल्ले.

श्यामराव कप घेऊन समोर येऊन उभे राहिले.

"तिसऱ्या पोराचं नाक आधी बुडालं," ते म्हणाले. "डोकं जरा आधी मागं घ्यायचं. मी पायरीवरून पाह्यलं."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन, भाऊ."

"पुढच्या वेळी?"

"हव," प्रेमलाबाई म्हणाल्या. "बसा ना. उभे काहून?"

श्यामरावांनी एकदा प्रेमलाबाईंकडे पाहिलं, एकदा गोदूकडे. मग काखेतला, सकाळच्या त्या धोतराचा ओला बोळा बाकाच्या पाठीवर वाळत टाकला आणि दोघींच्या शेजारी बसले.