‘जागा नाही’ म्हणता न येणारं यंत्र

माझ्या धाकटीला जुळं झालं, त्या वर्षी थोरल्या जावईबापूंनी इस्पितळाला आपण बनवलेलं यंत्र दिलं. कोणाचं ऑपरेशन कुठल्या खोलीत, किती वाजता, हे यंत्राने ठरवायचं. तेव्हापासून दारातून आधी जावईबापूंची छाती आत यायची, मग जावईबापू.

थोरली कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. संगणकाला कोणतं काम झटपट जमतं, कोणतं नाही, हे तर्काने सिद्ध करणं हा तिचा विषय. एकदा व्याह्यांसह सगळे जेवत असताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, जागांपेक्षा एक रोगी जास्त झाला तर?"

"तर यंत्र 'नाही' म्हणेल. त्यात काय!"

"कधी म्हणेल? दहा खुर्च्या, अकरा माणसं. आपण मोजतो आणि सांगतो, एकजण उभा राहणार. तुमच्या यंत्राच्या नियमांत मोजणं नाहीच. ते एकेकाला बसवणार, उठवणार, पुन्हा बसवणार. जागा वाढल्या की त्या पायऱ्या डोंगराएवढ्या होतात. या नियमांनी जवळची वाट नाहीच, हे सिद्ध झालेलं आहे. यंत्र कितीही वेगवान आणा."

"ऐकलंत, बाबा? मी यंत्र चालवून दाखवतो, ही न चालण्याची सिद्धता दाखवते!"

"चालवलंत ते जागा शिल्लक होत्या तेव्हाच."

जावईबापूंचे बाबा, म्हणजे माझे व्याही, खो खो हसले. मला म्हणाले, "विहीणबाई, तुमची लेक आकाश पडेल म्हणून छत्री घेऊन फिरते!"

थोरली इस्पितळातही सांगून आली. जावईबापूंनी मोठ्या डॉक्टरांना डोळा मारला, "घरचं भांडण आहे, साहेब." साहेबांना ते तर्कापेक्षा लवकर पटलं. वर नियम केला की यंत्र 'नाही' म्हणेपर्यंत रोगी दुसरीकडे पाठवायचा नाही. असा नियम शहाण्यांनीच करावा. वेड्याला एवढं सुचत नाही.

पुढे एका मंगळवारी सकाळी व्याह्यांच्या आतड्याला पीळ पडला, ऑपरेशन लगेच व्हायला हवं होतं. लेकाचं यंत्र असताना दुसरीकडे जातील कसे? त्याच दिवशी मोठा अपघात झालेला. सगळ्या खोल्यांच्या सगळ्या वेळा तातडीच्या रोग्यांनी भरलेल्या, आणि व्याही त्यावर एक.

पडद्यावर चाक फिरत राहिलं.

"शोधतंय," नर्स म्हणाली.

"अहो, मोजा ना!" थोरली ओरडली. "जागा नाही. हलवा त्यांना!"

"थांब गं!" जावईबापू म्हणाले. "आणखी वेगवान यंत्र जोडलंय. आता होईल."

व्याह्यांनी कण्हत विचारलं, "काय म्हणतंय रे ते?"

"विचार करतंय, बाबा."

दुपारी थोरलीने कोणाला न विचारता रुग्णवाहिका बोलावली. जावईबापू पडद्यासमोरून हलले नाहीत. 'नाही' आलं नव्हतं ना!

माझे व्याही, जावईबापूंचे वडील, त्याच मंगळवारी दुपारी दुसऱ्या इस्पितळाच्या वाटेवर वारले.