भुऱ्याचा हॉर्न

मी काही भांडखोर बाई नाही. पण दीपनगरच्या कॉलनीत आमचा भुऱ्या 'आगाऊ कुत्रा' म्हणून बदनाम झाला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आमचे हे, रुपचंद (नाव घ्यायला मी कुणाच्या बापाला भीत नाही), वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये कामाला. घरी आले की तोंड पेपरात, नाहीतर टीव्हीत. ते बसले रे बसले की भुऱ्या भुंकायला लागायचा. हे ओरडायचे, "गप रे!" तो शेपूट हलवत क्षणभर गप्प, अन् पुन्हा सुरू. दिवसभर माझ्याजवळ मात्र चूं नाही.

शेजारच्या पुष्पाबाईंनी तक्रार केली. त्या संध्याकाळी हे म्हणाले, "रविवारले याले यावलले भाऊना केळीना बागमा सोडी येसू. बठ्ठी कॉलनी वैतागी गयी शे."

मी विचारलं, "कंट्रोल रूममा हॉर्न वाजना तर काय करतस?"

"बटन दाबीसन बंद करतस. मंग बिघाड शोधतस."

"मंग आठे घरमा नुसतं बटनच दाबतस! बिघाड कोन शोधी? तो भुंकना का तुम्ही त्यानाकडे देखतस. गप बसना तर देखतस का कव्हय?"

शिवीसुद्धा त्याला प्रसाद वाटायची, हे मी कधीच ओळखलं होतं. तो भुंकला की मी पाठ फिरवायची, शांत बसला की डोकं खाजवायची. पण घरधन्याला कोण शिकवणार? हे पुन्हा पेपरात शिरले.

रविवारी सकाळी यावलची बस धरायला ह्यांनी भुऱ्याला साखळी घातली. तो निमूट चालू लागला. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच राग आला. लग्नाची दहा वर्षं मीही अशीच निमूट राहिले. कुणी बघितलं?

उचलली थाळी, उचललं लाटणं, अन् दारात उभी राहून ठणाठणा बडवलं. क्वार्टर्सची अख्खी लाइन बाहेर आली. पुष्पाबाई तर दात घासता घासता.

हे साखळी धरूनच धावत परत आले. "येडी व्हयनी का?"

"दहा वरीसमा आज मन्हाकडे देखं तुम्ही! आते माले बी यावलले सोडी या. मी बी रोज भुंकसू."

हे माझ्याकडे बघत राहिले. नीट, डोळ्यांत. मग पायरीवर बसले, साखळी काढली आणि भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. यावलची बस निघून गेली.

भुऱ्या भुंकला नाही. मी मात्र थाळी खाली ठेवली नाही.