मामींनी भरलेल्या नळ्या

मी एक जुनी अँटीबॉडी आहे. तुमच्या पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. बोटाच्या पेराएवढ्या नळीत मी राहते आणि दिसते पाण्याच्या थेंबासारखी. मित्रांनो, माझं काम एकच आहे. शरीरात साखरेपासून ताकद करायची, तर त्याची सुरुवात एक एन्झाइम करतं. हजारो पदार्थांच्या गर्दीत त्याला शोधायचं आणि घट्ट धरून बसायचं.

माझा जन्म एका पांढऱ्या सशाच्या रक्तात झाला. ते एन्झाइम त्याला टोचलं, तेव्हा त्याच्या शरीरानं परकं कोणी आलंय हे ओळखलं आणि मला घडवलं. मग मला रक्तातून वेगळं काढून या प्रयोगशाळेत आणलं.

इथे काम करणाऱ्या एका बाईंना सगळे मामी म्हणायचे. मला पुन्हा पुन्हा गोठवलं आणि वितळवलं तर मी निकामी होते. म्हणून मामींनी मला एकेका कामापुरतं लहान नळ्यांत वाटलं आणि प्रत्येक नळीवर बारीक अक्षरात नाव घातलं. त्यांचे यजमान, म्हणजे मामा, शेजारच्याच टेबलावर काम करायचे.

"चिमणीला पाणी पाजतेस का?" ते चिडवायचे.

"तुमच्या हातात दिलं तर अर्धं फरशीलाच पाजाल," मामी म्हणायच्या.

पुष्कळ वर्षं माझं कौतुक झालं. मागच्या वर्षी मामी गेल्या. आमच्या नळ्यांचा डबा फ्रीजरच्या तळाशी बर्फात रुतून बसला. मामा तो बाहेर काढत नव्हते आणि दुसऱ्या कुणाला काढूही देत नव्हते.

एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मामा, त्यातली एक नळी वापरून बघा. चालली तर ठेवू. नाहीतर डबा टाकून द्यावा लागेल, आत जागा नाही."

मामा नुसते "बरं" म्हणाले.

त्यांनी एक नळी वितळवून मला तपासणीच्या एका पांढऱ्या पट्टीवर ओतलं. त्या पट्टीवर माझं एन्झाइम होतं. मी त्याला लगेच धरलं. पण पट्टीवर मी कुणाला दिसत नाही. मला ओळखणारी दुसरी अँटीबॉडी वरून घालतात. ती मला येऊन चिकटली, तरच कॅमेऱ्यात काळी रेघ उमटते. मामांनी दुसरी घातली. ती माझ्या जवळून गेली, पण थांबली नाही.

पट्टी कोरी आली.

मामा स्टुलावर बसले. "तिनं नीट भरलं होतं, बाई. तिचा हात कधी चुकला नाही."

बाईंनी टेबलावरची बाटली उचलून पाहिली. "मामा, ही उंदराची."

"उंदराची?"

"उंदराच्या अँटीबॉडीला ओळखणारी. आपली सशाची आहे. ही तिला कशी ओळखेल?"

मामांनी चष्मा पुसून बाटली वाचली. "म्हणजे चूक माझी?"

"तुमचीच."

"नक्की ना?"

"आता काय, लिहून देऊ?"

त्यांनी तीच पट्टी धुतली आणि सशाच्या अँटीबॉडीला ओळखणारी दुसरी घातली. ती सरळ माझ्याकडे आली. काळी, ठसठशीत रेघ उमटली. मामांनी मोठा श्वास सोडला. दिवसभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझीच चूक होती. नळ्या उत्तम आहेत." इतक्या आनंदानं चूक सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आमचा डबा आता वरच्या कप्प्यात आहे. मित्रांनो, आम्हाला थंडीत जरूर ठेवा, पण इतक्या आत नको की आम्ही विसरल्या जाऊ. आणि पट्टी कोरी दिसली, तर आम्हाला टाकण्याआधी एवढंच बघा, की आम्हाला ओळखणारं कुणी आमच्याकडे पाठवलं होतं का.