चढणारा घरचा, धरणारा समोरचा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझी चौथी पायरी करकरते. तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि या वयात एवढी कुरकुर करायचा मला हक्क आहे.

आमच्या गल्लीत दोन प्रार्थनाघरे समोरासमोर आहेत. एकाला घुमट, दुसऱ्याला घंटा. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून लाकूड आणले आणि सुताराने मला घडवले. शेवटची पायरी ठोकून तो म्हणाला, "उंच केलीय हिला. खालून कोणी धरल्याशिवाय चढू नका, नाहीतर मलाच शिव्या घालाल."

धरायचे कोणी, याचा नियम वडीलधाऱ्यांनी तेव्हाच घालून दिला: चढणारा घरचा, धरणारा समोरचा. का, ते मला पुष्कळ वर्षे कळले नाही. मला वाटे, शेजारधर्म म्हणून असेल.

प्रार्थनेच्या संध्याकाळी घुमटाखालचा काचेचा दिवा लावायला घड्याळजी चढत. दिवसभर बारीक चाकांवर वाकून काम करणारा माणूस. पाऊल इतके हलके की माझी चौथी पायरीसुद्धा गप्प बसे. समोरचे पाववाले काका मला खालून धरत. त्यांच्या हातांचे पीठ मला लागून राही. घंटेला तेल द्यायचे असले की उलट, काका वर आणि घड्याळजी खाली. काका चढले की मी वाकून जाई, कारण स्वतःचेच पाव त्यांच्या अंगी लागले होते.

वरून आवाज येई, "धरलंय ना?"

"धरलंय. तुम्ही आपलं काम करा."

याहून जास्त ते क्वचितच बोलत. तरी ती मैत्री होती, हे मी पैजेवर सांगते.

मग शहरात कुठेतरी दूर भांडण पेटले. आमच्या गल्लीत कोणी कोणाला बोटसुद्धा लावले नाही, पण सुक्याबरोबर ओलेही जळते. दुकाने लवकर बंद होऊ लागली. घुमटाच्या अंगणात ठरले, "आता आपलं माणूस आपणच धरू. त्यांचे हात कशाला हवेत?"

घड्याळजी म्हणाले, "अहो, त्याच हातांनी मला आजवर सांभाळलंय." त्यांचे कोणी ऐकले नाही. त्या संध्याकाळी काका दारापर्यंत आले आणि कोणी आत बोलावले नाही म्हणून परत गेले.

मला धरायला घड्याळजींचा जावई उभा राहिला. भला माणूस, सासऱ्यांवर जीव टाकणारा. घड्याळजी चढले, दिवा लागला आणि अंगणातल्या सगळ्यांचे हात जोडले गेले. जावयाचेही. डोळे मिटून, अगदी मनापासून. त्याच क्षणी फरशीवरून माझा पाय सरकला.

तेव्हा मला तो नियम समजला. दिवा आपला असला की आपले हात त्याच्याकडे जातात. समोरच्याचे हात शिडीवरच राहतात.

घड्याळजी वाचले, पण मांडीचे हाड मोडले. जावई कित्येक दिवस त्यांच्यासमोर मान वर करीत नव्हता. मला मात्र लोकांनी अपशकुनी ठरवून भिंतीमागे टाकले. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! पावसात मी फुगले, एका बाजूने वाळवी चढली. वर चढायची कोणाची छाती होईना, म्हणून दिवाही विझलेलाच राहिला. मला त्याचेच जास्त वाईट वाटे.

एका संध्याकाळी पाववाले काका न बोलावता आत आले. त्यांनी मला ओढून काढले आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्याने पुसले. घड्याळजी काठी टेकत बाहेर आले.

"काय पाववाले, घंटेला तेल द्यायचंय का?"

"घंटा बरी आहे. दिव्यात घालायचंय. मी चढतो, तुम्ही धरा."

"अहो, माझा पाय हा असा..."

"पाय कोण मागतंय? हात द्या."

अंगणात दोघेतिघे बोलायला उठले. पण जावयाने पुढे होऊन सासऱ्यांसाठी स्टूल ठेवले, तेव्हा ते पुन्हा खाली बसले.

काका चढले. मी कण्हले, पण टिकले. वर काडी ओढल्याचा आवाज आला आणि कितीतरी महिन्यांनी घुमटाखाली उजेड पडला. सगळ्यांचे हात जोडले गेले. घड्याळजींनी मला आणखी घट्ट धरले. त्या उजेडासमोर जुळायला ते हात किती आसुसले होते, हे मला लाकडाला कळत होते.

"धरलंय ना?" वरून काकांनी विचारले.

"धरलंय," घड्याळजी म्हणाले. ते रडत होते, पण डोळे पुसायलाही त्यांनी हात काढला नाही.

मित्रांनो, आता मी कोरड्या खोलीत असते. वाळवीची बाजू सुताराच्या मुलाने बदलली आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला पावसात टाकू नका. आणि तुमच्या भरवशावर कोणी वर चढले असेल, तर ते खाली येईपर्यंत सोडू नका. हात नंतरही जोडता येतात.