नाक मुरडण्याचा धंदा

माझा नवरा जुनी वाद्यं विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. या धंद्यात त्याचा एकच सिद्धांत आहे: जे हवंय त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आधी भलत्याच वस्तूचा भाव करायचा, वाद्याला नाक मुरडायचं आणि निघता निघता ‘बरं, तेही टाका सोबत’ म्हणायचं. सिद्धांत इतका यशस्वी, की आमच्या घरात तीन इस्त्र्या आणि माशांची एक रिकामी काचपेटी आहे. तिच्यात सध्या लेकीची खेळणी राहतात.

वाद्यं मात्र राहत नाहीत. चांगलं ते विकलं जातं, उरतं ते कुणालाच नको असलेलं. मला एक व्हायोलिन हवं होतं. लहानपणी शिकले ते क्लासच्या व्हायोलिनवर, स्वतःचं कधी नव्हतंच. “आता मिळेल ते तुझं,” नवऱ्याने कबूल केलं. “फक्त तिथे तोंड उघडू नकोस.”

म्हणून लेकीला कडेवर घेऊन आम्ही एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. व्हायोलिन त्यांच्या दिवंगत बायकोचं. पलंगावर उघड्या पेटीत होतं. मी निष्ठेने पडद्याकडे बघत राहिले.

नवऱ्याने आधी स्टुलाची चौकशी केली. मग लेकीचं ओलं दुपटं उचलावं तसं व्हायोलिन दोन बोटांत उचललं.

“आजोबा, मान वाकलीय याची.”

“माझीही वाकलीय.”

“आवाजही बसलेला असणार.”

“वाजवून बघा की.”

“कशाला उगाच. स्टूल घेतोच आहे, हेही नेतो. तुमची अडगळ कमी होईल.”

आजोबांनी व्हायोलिन काढून घेतलं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. “स्टूल न्या. हे अडगळ म्हणणाऱ्याला द्यायचं नाही.”

नवऱ्याने मला डोळा मारला. म्हणजे आता भाव उतरणार. पण आजोबा पेटी घेऊन कपाटाकडे निघाले होते.

मी लेकीला त्याच्या हातात कोंबलं.

“आजोबा, मला हवंय ते. विकायला नाही, मला वाजवायला. ह्याचं मनावर घेऊ नका. मला पहिल्यांदा भेटला तेव्हाही तासभर माझ्या मैत्रिणीशीच बोलत बसला होता.”

आजोबा थांबले. “वाजवा.”

बोटं सगळं विसरली होती. दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला. लेकीने तोंडातली बापाची कॉलर सोडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“पुन्हा,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्यांदा मांजर जरा सावरलं. आजोबांनी किंमत सांगितली, मी लगेच हो म्हटलं. नवऱ्याचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला.

“घासाघीस नाही, काही नाही,” जिन्यात तो पुटपुटला. “बाजारात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आण, पेटी मी घेतो, तू हिला घे.”

“नको,” मी म्हणाले. “आज हिला तूच घे.”

एरवी लेकीला मी सोडत नाही. पण त्या जिन्यात माझे दोन्ही हात मला पेटीसाठी हवे होते.