गोरक्षच्या काळजाची शीव

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. वाटली तर माझी टोपी तुमची. पाथर्डीच्या स्टँडमागं साखर कारखान्याच्या ट्रकची वाट बघत बसलेल्या शिरूरकडच्या ऊसतोड टोळीपुढंही मी अशीच सुरुवात केली. त्यातली छबूबाई तंबाखू मळत म्हणाली, "टोपी ऱ्हाऊ द्या बाबा डोक्यावं. फाटकी हाय."

आमच्या भावकीत एक गोरक्ष. त्याचा बाप उसाच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन चालता चालता छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. पोराच्या हाती तरी कोयता येऊ नये, एवढंच त्याच्या आईचं, साळूबाईचं, मागणं. बांगलादेशची लढाई सरली आणि भिंगारला भरती निघाली. पलटणीत घेतलं तर कोयता कायमचा सुटणार. पण भरतीला मैलभर पळावं लागतं. बापाचं काळीज पोरात उतरलं असलं तर?

म्हणून मी त्याला विल्सनकडं नेला. विल्सन माझा जुना दोस्त, भिंगारला पलटणीच्या दवाखान्यात काम करायचा. तिथल्या डॉक्टरानं सांगितलेलं त्यानं आम्हाला सांगितलं. "दोनशे विसातून वय वजा कर. उरतील तेवढे ठोके मिनिटाला, ती तुझ्या काळजाची शीव. अंदाजच आहे तो, पण नवख्यानं शिवेपासून लांबच पळावं. पळता पळता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की चालायला लागायचं."

दुसऱ्या दिवसापासून गोरक्ष बोलत पळू लागला. माणूस कुठला मिळणार, तो बाभळींशी बोलायचा. शपथ घेऊन सांगतो, मढीच्या रस्त्याची एक बाभळ त्याला उत्तर द्यायला लागली.

"काय म्हनायची?" छबूबाईनं विचारलं.

"म्हनायची, थांब की रं जरा, मलाबी दम लागलाय."

टोळी हसली. सामानाच्या ढिगाला टेकून एक गडी डोक्यावरून घोंगडं ओढून झोपला होता, तेवढा हलला नाही.

पण गोरक्षचं हसू आटलं होतं. एक दिवस तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"तात्या, वय कंचं वजा करायचं?"

"म्हंजी?"

"दाखल्यावं मी अठरा वर्साचा हाय. गुरुजींनी सगळ्यांची जलमतारीख एक जून लावली, साल मनानं टाकलं. आई म्हनती, रझाकाराच्या धामधुमीत झालास. म्हंजी चोवीस."

"मग चोवीस धर."

"काळजानं काय दाखला वाचलाय व्हय? त्ये चोवीसच धरील. पर भरतीवाले दाखला बघत्यात, चोवीसचा घेत न्हाईत. इल्सनकाकाला खरं इचारावं, तर वय फुटलं, भरती गेली. न इचारावं, तर…" त्यानं छातीवर हात ठेवला. बाप ठेवायचा तस्साच. "शीव वलांडली अन् काळीज फुटलं तर?"

"फुटत न्हाई रं. दमतं."

"बा पन दमलाच हुता की."

मी त्याला चहा पाजून घरी धाडलं.

छबूबाईची तंबाखू हातातच राहिली होती. "मंग? भरतीचं काय झालं?"

आता गोष्ट अशा जागी सोडता येते का? मी मांडी बदलली.

"भिंगारचं मैदान. साळूबाई तारेचं कुंपण धरून उभी. शिट्टी वाजली अन् गोरक्ष सुटला. मीबी त्याचं मनगाट धरून संगं पळालो, ठोके मोजत."

"तुमी? ह्या गुडघ्यांनी?"

"तवा गुडघे नवे हुते."

"अवं, गेल्या सालची गोष्ट ना ही?"

"मग गेल्या सालीच झिजले. ऐक तर! त्याचं काळीज आसं वाजाय लागलं की पलटनीच्या बँडवाल्याचा ताल चुकला. त्यो गोरक्षच्या ठोक्यावं ढोल बडवाय लागला. एकशे शहान्नव झाले. खऱ्या वयाची शीव तितं सरली. साळूबाईनं डोळे मिटले. एकशे सत्यान्नव! काय फुटलं न्हाई. दोनशे दोन झाले, दाखल्याचं वयबी मागं पडलं. अन् मग दोनशे वीस! आता करा हिशेब. वय किती ऱ्हायलं?"

"काईच न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"काईच न्हाई! आताच जलमलेल्या लेकरावानी भोकाड पसरून त्यो रेघ वलांडून गेला. सगळ्यांच्या फुडं! सायबानं वय इचारलंच न्हाई. तान्ह्या पोराला काय इचारनार? आज गोरक्ष पलटनीत हाय. बूट हायेत त्याला, बूट!"

छबूबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते मला कळलं नाही. ट्रक वळणावर दिसला, तशी माणसं उठून कोयते, पातेली गोळा करायला लागली.

सामानाच्या ढिगापाशी घोंगडं बाजूला झालं.

"तात्या, कशाला लबाड बोलताय?" तो गडी म्हणाला. "मी पळालोच न्हाई. शिट्टी वाजली तवा रेघेवं माजंच मनगाट धरून उभा हुतो."