पहिल्या रांगेतल्या टाळ्या

एल्डर्सबी या खाणकामगारांच्या इंग्रजी गावात निवडणूक लागली की ग्लेंडा ऑस्टविकच्या स्वयंपाकघराचं पक्ष-कार्यालय व्हायचं. किटली उतरायची नाही आणि दार बंद व्हायचं नाही. लग्न करून या गावात आली तेव्हापासून ती पक्षाचं काम करत होती. भर पावसात पत्रकं वाटली, अंगावर कुत्री धावून आली तरी मालकाशी गोड बोलली, आणि नवरा नॉर्मन ज्या कोळशाच्या खाणीत राबत होता ती बंद पडू नये म्हणून संप झाला तेव्हा संपकऱ्यांच्या बायकांबरोबर सूप शिजवलं. पुढे नॉर्मन गेला. त्याच सुमारास वॉर्डातली नगरसेवकाची जागा रिकामी झाली आणि पक्षाच्या शाखेत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, ग्लेंडाचं.

तीच नको म्हणाली. "मला आता उभं करून काय करताय? आपला रॉस उभा राहू दे. त्याच्यात दम आहे."

रॉस थ्रेलफॉल तिच्याच गल्लीतला. त्याची आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, त्यामुळे पोराचं जेवण बऱ्याचदा ग्लेंडाकडेच व्हायचं. तो तिला आंटी म्हणायचा आणि तिच्या फ्रिजमधलं न विचारता खायचा. मोठा झाल्यावर मतं मागायला कसं जायचं हे तिनेच त्याला शिकवलं. उंबऱ्यात पाय घालायचा नाही. घरात कोणी आजारी असेल तर आधी त्याची चौकशी करायची. वाद घालणाऱ्याला जिंकू द्यायचं. रॉस निवडून आला तेव्हा सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात पडून रडला होता.

नंतर लंडनमध्येही त्यांच्याच पक्षाचं सरकार आलं. चौदा वर्षं वाट पाहिली होती, गावाने रस्त्यावर येऊन आनंद केला. आणि त्याच सरकारने पहिल्याच हिवाळ्यात बहुतेक म्हाताऱ्यांना घर गरम ठेवायला मिळणारी मदत काढून घेतली. ज्या दारांत ग्लेंडाला चहा मिळायचा त्या दारांत आता शिव्या मिळायला लागल्या.

एका संध्याकाळी रॉस आलेला असताना ती स्वयंपाकघरात फणफणली. "नॉर्मन असता ना, तर मान खाली घातली असती त्याने. या लोकांनी आपल्याला गृहीत धरलंय रे. ही म्हातारी जातेय कुठे, मत आपल्यालाच देणार! दारात कुत्रं बांधतात ना, तसं बांधून ठेवलंय आपल्याला."

रॉस उठून कप धुवायला लागला. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं, आणि थोडं अपराधीही. "बाहेर बोलू नकोस हं कुठे," ती म्हणाली.

"वेडी आहेस का आंटी?" रॉस म्हणाला.

मार्चमध्ये तो पुन्हा आला. गावातलं ग्रंथालय बंद करायचं घाटत होतं. "कामगार क्लबात सभा घेतोय. जुनी मंडळी तूच आणू शकतेस. तू नुसतं ये म्हटलंस तरी येतील."

ग्लेंडा घरोघर फिरली. गुडघेदुखीवाल्यांना गाडीने आणलं. शाखेचा अध्यक्ष लेन हॅरॉप, पूर्वीचा बसड्रायव्हर, त्या दिवशी मुलीकडे गेला होता. बाकी झाडून सगळे आले. रॉसने ग्लेंडाला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. तिच्या कोटावर पक्षाचं लाल फूल होतं.

रॉस छान बोलला. ग्रंथालय, बंद पडलेला दवाखाना, तासभर न येणारी बस. लोक माना डोलवत होते. मग तो थांबला आणि म्हणाला, "या गावातली एक बाई मला आईसारखी आहे. ती माझी आंटी ग्लेंडा आज इथे बसली आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाजून, हसून ग्लेंडानेही वाजवल्या. तिच्या टाळ्या चालू असतानाच रॉस म्हणाला, "तीच मला म्हणाली, दारात कुत्रं बांधतात तसं या लोकांनी आपल्याला बांधून ठेवलंय. मित्रांनो, आज मी ती साखळी तोडतोय."

बाजूच्या दारातून नुकत्याच निघालेल्या एका नव्या पक्षाचा जिल्ह्यातला पुढारी हात हलवत आत आला. मागे गुंडाळून ठेवलेला फलक खाली सुटला. त्यावर नव्या पक्षाचं नाव होतं आणि रॉसचा हसरा चेहरा. कॅमेरे चमकले. ग्लेंडाचे हात अजून एकमेकांजवळच होते. काय चाललंय हे कळून ते खाली येईपर्यंत फोटो निघून गेले होते.

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ग्लेंडा, तुला ठाऊक होतं?" 

आठवडाभरात गावातल्या प्रत्येक दारातून एक रंगीत पत्रक आत पडलं. त्यावर टाळ्या वाजवणारी ग्लेंडा होती आणि खाली छापलं होतं, 'निष्ठावंतांनीही साखळी तोडली.' कोटावरचं लाल फूल फोटोतून कापलेलं होतं.

लेनचा फोन आला. आवाजात ओळख नव्हती. "वरून कळवलंय. दुसऱ्या पक्षाच्या सभेत तू व्यासपीठासमोर होतीस, लोकही तूच जमवलेस. चौकशी होईपर्यंत सभांना यायचं नाही."

"लेन, अरे मला फसवलं त्याने!"

"आणि ते कुत्र्याचं? ते तू बोलली होतीस की नाही?"

"बोलले होते."

"मग?" असं म्हणून लेनने फोन ठेवला.

पण तिला आतून हलवून सोडलं ते मेव्हिसने. मेव्हिस ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, दर निवडणुकीत ग्लेंडाच्याच गाडीतून मतदानाला जाणारी. ती विश्वासाने म्हणाली, "यंदा रॉसलाच देणार बाई मी. तू त्याच्याबरोबर आहेस म्हटल्यावर मला काय विचार करायचाय?"

शनिवारी रॉस लोकांच्या तक्रारी ऐकायला त्याच ग्रंथालयात बसायचा. ग्लेंडा रांगेत बसली. पुढे घराचं छप्पर गळतं म्हणून आलेली एक बाई होती, तिचं होऊ दिलं. मग त्याच्यासमोर गेली.

"बोला, मिसेस ऑस्टविक," रॉस म्हणाला. शेजारी नव्या पक्षाचा एक माणूस मोबाईल घेऊन उभा होता.

"मिसेस ऑस्टविक? कालपरवापर्यंत माझ्या फ्रिजमधलं चीज चोरत होतास." ती खुर्ची पुढे ओढून बसली. "राजीनामा दे रॉस. नव्या रंगात पुन्हा उभा राहा आणि निवडून ये. मग मी एक शब्द बोलणार नाही. ही जागा लोकांनी तुला दिली ती आमच्या नावावर."

"कायद्यात तशी सक्ती नाही. आणि मे महिन्यात मुदत संपतेच आहे."

"कायदा विचारायला आले नाही मी. माझा फोटो काढून टाक. माझे शब्द परत कर."

रॉसने शेजारच्या माणसाला बाहेर पाठवलं. मग खाली बघत, जुन्या आवाजात म्हणाला, "आंटी, शब्द खोटे होते का? माझ्या पोटात होतं तेच तू बोललीस. तू बोललीस म्हणून मला धीर आला."

"मी घरातल्या माणसाशी बोलले होते."

"मग त्यांच्यासाठी अजून दारं का ठोठावतेस?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते घडीव वाक्यात बसणारं नव्हतं. रागावूनही आपल्या माणसांत राहायचं असतं, भांडायचं ते घरात राहून, असं काहीसं. ती म्हणाली, "तू मला विचारलं असतंस ना, मी पक्ष सोडतोय म्हणून, तर मी रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. तू विचारलं नाहीस. तू मला खुर्चीत बसवलंस आणि वापरलंस."

रॉसचे डोळे भरून आले. "फोटो काढतो," तो म्हणाला.

त्याने काढला नाही. पुढच्या पत्रकावर तोच फोटो होता, अधिक मोठा.

मतदानाच्या दिवशी ग्लेंडाने मेव्हिसला गाडीत घेतलं आणि वाटेत गाडी थांबवून सगळं सांगितलं. मेव्हिस बॅगेचा बंद चाचपत राहिली. "मग आता कोणाला देऊ ग?"

आयुष्यभर या प्रश्नाचं उत्तर ग्लेंडाच्या जिभेवर असायचं. "तुला वाटेल त्याला दे," ती म्हणाली. "मला विचारू नकोस." स्वतःचं मत तिने जुन्याच पक्षाला दिलं, उमेदवाराचं नाव धड न वाचता. बाहेर आल्यावर तिला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

रॉस दणदणीत मताधिक्याने निवडून आला. जुन्या पक्षाचा उमेदवार तिसरा राहिला.

आठवड्याने लेन दारात उभा. टोपी हातात, चेहरा उतरलेला. "चौकशी मिटली. तुझा दोष नव्हता, असं वरून कळवलंय. मलाही कळायला हवं होतं. चुकलो ग. शाखेत माणसंच उरली नाहीत. तू सचिव हो."

"वरून कळवल्यावर तुला कळलं का लेन?" ती म्हणाली. "तीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलास. एकदा येऊन विचारलं असतंस, ग्लेंडा, खरं काय?"

 ती बाजूला झाली, त्याला आत घेतलं, चहा केला. त्याच्या मुलीची, नातवाची चौकशी केली. सचिवपदाचं त्याने पुन्हा काढलं तेव्हा तिने मान हलवली.

"चहाला केव्हाही ये," ती म्हणाली. "कामाला मी येणार नाही."

तो गेल्यावर तिने पुढचं दार लावलं आणि आतून कडी घातली.